हौसाकाकूंनी सांगितलेला शेवट

"खून माळ्यानं केलाय," हौसाकाकूंनी पुस्तक सतरंजीवर ठेवत जाहीर केलं. "आता न्यावं कुनाला पायजे तिनं. जीव टांगणीला लावून घ्यायचं काय कारण न्हाई."

मी त्या बैठकीला पहिल्यांदाच गेले होते आणि नेमकं तेच पुस्तक घरी न्यायचं माझ्या मनात होतं. शेजारी बसलेली शालन माने गालात हसली.

"इथं असंच असतं, वहिनी," ती कुजबुजली. "शेवट आधी. मग मत."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि आम्ही एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायला आलो होतो. ऊस, चिमणी, भोंगा आणि मळीचा वास, यापलीकडे तिथं काही नव्हतं. बायकांना तिथं नावं नसत, नवऱ्याचं खातं असे. मी केमिस्टीणबाई. शालन गाडीखात्यातली, कारण तिचे यजमान विलासराव कारखान्याच्या गाड्या बघायचे. हौसाकाकू वजनकाट्याच्या, कारण चव्हाणकाका उसाच्या गाड्यांचं वजन करायचे. आणि मंदाताई देशमाने शेतकी ऑफिसरांच्या. त्यांना मात्र 'ताई' म्हणायचं, कारण त्या पुण्याच्या होत्या आणि त्याचा विसर त्या कुणाला पडू देत नसत.

महिन्यातून एकदा कारखान्याची जीप शहरातल्या वाचनालयातून पुस्तकांची पेटी आणायची. पेटी शालनच्या घरी उतरायची, तिथून एकेक पुस्तक एकेकीच्या हाती जायचं आणि शनिवारी दुपारी महिला मंडळाच्या खोलीत ज्यांनी जे वाचलं त्यांनी त्याबद्दल बोलायचं. बायका बोलायच्या मात्र भरभरून. पुस्तकाचं नाव कुणाच्याही ध्यानात नसे. 'ती निळी', 'ती बैलगाडीच्या चित्राची', 'ती वाळवी लागलेली', अशा नावांनी आमची साहित्यचर्चा चाले.

शेवट आधी सांगायचा नियम माझ्या आधीपासूनचा. कुणाच्या तरी गरोदर सुनेनं एकदा एक दुःखाची कादंबरी नेली आणि ती संपल्यावर दोन दिवस पोरगी जेवली नाही. तेव्हापासून ठरलं. शेवट गोड की कडू, हे भर बैठकीत सांगायचं आणि मग ज्या घराला जे सोसेल ते त्या घरानं न्यावं. मंदाताईंना हे अडाणीपणाचं वाटायचं. "अहो, मग वाचण्यात काय राहिलं?" असं त्या दर वेळी म्हणायच्या आणि मग शेवट ऐकायला सगळ्यांत पुढं सरकून बसायच्या.

या नियमाच्या खऱ्या राखणदार हौसाकाकू. जुन्या सातवीपर्यंत शिकलेल्या, अंगानं आडव्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. त्यांची मतं ऐकायला मी सगळी कामं टाकून जायची. एका कादंबरीबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "शंभर पानं नुस्ता पाऊस. छत्री घिऊन बसाय पायजे हुतं." दुसऱ्या एका नायिकेबद्दल म्हणाल्या, "बया सगळं पुस्तकभर उपाशी हाय. येकदा पोटभर जेवली असती, तर निम्मं रडं कमी झालं असतं." शेवट सांगताना मात्र त्या कुणाचीच गय करत नसत. नायक मेला म्हणजे मेला. "मी काय त्येला जित्ता करू?" असं वर विचारायच्या.

काकू खोटं बोलत नाहीत, ही गोष्ट कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होती. चव्हाणकाकांच्या काट्यापेक्षा काकूंच्या जिभेवर लोकांचा जास्त विश्वास.

हंगाम सुरू झाला. चिमणीची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायला लागली. मी आणि शालन एका भिंतीच्या शेजारणी. दोघींच्या दोऱ्या समोरासमोर. एका सकाळी कपडे झटकता झटकता ती एकदम थांबली.

"वहिनी, कुणाला बोलू नका. आम्ही मूल घ्यायचं म्हणतोय. संस्थेतून."

तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मिरजेचे, कोल्हापूरचे डॉक्टर करून झाले होते, देव तर सगळेच करून झाले होते. त्या संस्थेत जाऊन दोघं एक मूल बघून आले होते. सहा-सात महिन्यांची मुलगी.

"आधी सांभाळायला देतात, मग कोर्टात कायमचं होतं," ती म्हणाली. "पण हो की नाही, ते या सोमवारी कळवायचं आहे. नाहीतर दुसरं एक जोडपं थांबलंय."

"मग? अडलंय कुठं?"

"सासूबाई म्हणतात, परक्याचं ते परकंच. त्यांचं मी धरून चालले होते. हे म्हणतात, तू ठरव, मी तुझ्यामागं आहे." तिनं एक पंचा दोनदा झटकला. त्याच्यावर काजळी उरलीसुद्धा नव्हती. "भीती मला या कॉलनीची वाटते, वहिनी. आमचं घर काय चार भिंतींत आहे? सगळ्या कॉलनीतच आहे. उद्या पोर खेळायला बाहेर पडली आणि कुणी काही बोललं, तर मी कुणाकुणाचं तोंड धरू? मला तिला अशा ठिकाणी आणायचं नाही, की जिथं तिला रोज कुणीतरी तोलून बघेल."

मी कुणालाही बोलले नाही. पण त्याची गरजच नव्हती. संस्थेच्या दारात त्या दोघांची जीप उभी होती ते कारखान्याच्या एका ड्रायव्हरनं पाहिलं होतं आणि आमच्या कॉलनीत ड्रायव्हरनं पाहिलेली गोष्ट संध्याकाळच्या भोंग्याच्या आत प्रत्येक चुलीपर्यंत पोचत असे. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त शालनच्या तोंडावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. ती आली की बायका थंडीबद्दल बोलायला लागत. ती गेली की पुन्हा डोकी जवळ येत. कोण काय म्हणतंय ते मलाही कळत नव्हतं, मग तिला कुठून कळणार! लोक वाईट बोलले तर एकवेळ भांडता येतं, पण थंडीबद्दल बोलणाऱ्या बाईशी काय भांडणार?

त्या सोमवारच्या आधीचा तो शनिवार.

खोली भरलेली होती. एकीचं बोलून झालं, दुसरीचं झालं आणि मग हौसाकाकूंनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर बंद दाराचं चित्र. ते मी लगेच ओळखलं. कॉलेजात असताना मी ती कादंबरी वाचली होती आणि पेटी उघडली त्या दिवशी मीच सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अरे वा, हे मी वाचलंय!" तेव्हा शालनचं मला काही ठाऊक नव्हतं.

ती कादंबरी एका मास्तरची आणि त्याच्या बायकोची. त्यांनी अनाथाश्रमातून आणलेल्या मुलाची.

"पुस्तक चांगलं हाय," काकूंनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या. अशी सुरुवात करायची त्यांची रीत नव्हती.

"शेवट आधी, काकू!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सांगते की. पळून चाललाय व्हय शेवट?" काकूंनी तांब्या उचलला आणि त्या पाणी प्यायल्या. "एक मास्तर हाय. त्येची बायकू हाय. मूलबाळ न्हाई. मग ती दोघं आश्रमातनं एक पोरगं आनत्यात."

कुणी शालनकडे बघत नव्हतं आणि ते न बघणं इतकं ठळक होतं, की त्यापेक्षा टक लावून बघितलेलं परवडलं असतं. शालन सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होती.

"वाढवत्यात त्येला. पोरगं थोरलं हुतंय, शिकतंय. मग एक दिस त्येला कळतंय, आपुन हितलं न्हवं. आन जातंय की जन्म देनाऱ्या आईला हुडकायला."

"आणि?" मंदाताई पुढं सरकल्या होत्या.

"भेटती त्येला आई."

"मग?"

काकूंनी पुन्हा तांब्याला हात घातला. तो रिकामा होता. त्यांची नजर शालनवर गेली आणि तिथंच थोडा वेळ राहिली. मला खरा शेवट ठाऊक होता. मुलगा परत येत नाही. मास्तरीणबाई रोज संध्याकाळी त्याच्यासाठी ताट वाढत राहते आणि अगदी शेवटच्या पानावर ती ते ताट उचलून फडताळात ठेवून देते. काकूंच्या तोंडून ते ताट आता या खोलीत येणार आणि त्या मुलीचं नशीब तिथंच ठरणार, असं मला अगदी खात्रीनं वाटत होतं.

"मग काय," काकू म्हणाल्या, "सांजच्या यष्टीनं येतंय की परत."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"मास्तरीण भाकरी थापत असती. हात पिठाचं. दारात पाऊल वाजतंय, पर ती वळून बघत न्हाई. भ्या वाटतंय तिला, न जानो दुसरंच कुनी असलं तर! ती आपली भाकरी थापतीया. आन हे पोरगं दारातनंच म्हनतंय, 'आई, भूक लागलीया.' झालं. संपलं पुस्तक."

भाकरी, पीठ, एस.टी., सगळं काकूंच्या पदरचं होतं. दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या मागं कुणीतरी "बाई गं!" म्हणालं. पण मंदाताईंच्या भुवया वर गेल्या होत्या.

"असा शेवट? मला तर कुणीतरी सांगितलं होतं, की फार करुण कादंबरी आहे म्हणून." त्या वळल्या त्या थेट माझ्याकडे. "हेमलता, तुम्ही वाचलीय ना ही? येतो तो परत?"

सगळ्या माना माझ्याकडे फिरल्या. हौसाकाकूंची मान तेवढी फिरली नाही. त्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत होत्या आणि त्यांचा मोठा पंजा मुखपृष्ठावरचं ते दार झाकून बसला होता. मी नवी होते, तिथं माझी पत फारशी नव्हती. पण जी काही होती ती त्या क्षणी मी आनंदानं पणाला लावली.

"येतो की," मी म्हणाले. "मी तर रडले होते वाचताना."

दुसरं वाक्य तरी खरं होतं.

"बघा!" मागून एक आवाज आला. "माया लावली की काय होतं!" मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. कुणाच्या भावानं मेहुणीचा मुलगा वाढवला होता, कुणाच्या गावी दत्तक आलेल्या पोरानं म्हातारा-म्हातारीला काशी दाखवली होती. मंदाताईसुद्धा म्हणाल्या, "संस्कार, बाकी काही नाही," आणि मागं टेकून बसल्या. इतके दिवस थंडीबद्दल बोलणाऱ्या बायका त्या दुपारी भलत्याच बोलक्या झाल्या होत्या.

एवढ्यात शालननं हात पुढं केला. "काकू, मला द्या ते पुस्तक. मी नेते."

काकूंनी पुस्तक झटकन पोटाशी धरलं. "अजून माझं व्हायचंय."

"शेवट तर सांगितलात."

"शेवट वाचलाय. मधलं थोडं ऱ्हायलंय," काकू म्हणाल्या आणि आयुष्यात प्रथमच बैठक संपायच्या आधी उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या मागच्या दाराशी हजर. पदराखाली पुस्तक. आमचे हे रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपले होते, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून दबक्या आवाजात बोलत होतो.

"तुला ठाऊक हुतं," काकू म्हणाल्या.

"हो."

"तरी बोललीस."

"तुम्ही बोललात म्हणून."

"गुनाची गं माझी केमिस्टीण!" त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि लगेच त्या कपाळाला हात लावून बसल्या. "पर आता काय करू गं? ती मागाय येनार. न देऊन चालतंय व्हय? म्हटलं, पान्यात पडलं म्हनून सांगावं. पर एवढं जाड पुस्तक पान्यात पडतंय कसं? ढकलल्याबिगार पडायचं न्हाई."

"हरवलं म्हणा."

"माझ्या हातनं? कुनाला पटंल?" हे मात्र खरं होतं. पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून काकूंनी एकदा मंदाताईंना चारचौघींत झापलं होतं. त्यांनी स्वयंपाकघरभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "विळी कुठं हाय तुझी?"

"काकू! वाचनालयाचं पुस्तक आहे ते!"

"मला सांगतीस?" त्यांचा चेहरा खरोखर रडवेला झाला होता. "मेलं पुस्तक दुसरं यील, वाचनालय काय बुडत न्हाई. उद्या सोमवार हाय. आज रातच्याला ती हे वाचत बसली आन त्या ताटापाशी आली, तर ती पोर तिथंच ऱ्हाईल का न्हाई संस्थेत? सांग मला."

मी विळी काढून दिली. काकूंनी पायाखाली विळी घेतली, पुस्तक उघडलं, शेवटची पानं चिमटीत धरली आणि मेथीची जुडी चिरावी तशी अलगद पात्यावरून नेली. चर्र असा आवाज झाला. आम्ही दोघींनीही तोंड वेडंवाकडं करून तो ऐकला.

आणि तेवढ्यात मागच्या दारात शालन उभी.

काकूंनी सुटी पानं गुडघ्याखाली सारली. इतक्या लगबगीनं त्या हलल्या, की मला हसू आवरेना.

"पुस्तक न्यायला आले होते," शालन म्हणाली. "तुमच्या घरी गेले, तर काका म्हणाले, इकडं आलाय."

"हे बघ की गं," काकूंनी पुस्तक पुढं केलं, "शेवटची पानंच गेल्यात. असली फाटकी पुस्तकं धाडत्यात!"

"कुठं गेली?"

"मला काय ठाऊक? फाडली असतील कुना मेल्यानं."

"काकू," शालन म्हणाली, "तुमच्या गुडघ्याखाली आहेत ती."

काकू हलल्या नाहीत. शालन आत आली आणि आमच्यासमोर पाय मुडपून बसली.

"राहू दे. काढू नका. मला पाठ आहेत ती पानं. ती रोज ताट वाढते आणि शेवटी उचलून ठेवते."

आत यांनी कूस बदलल्याचा आवाज आला. आम्ही तिघीही क्षणभर तिकडं बघत राहिलो.

"म्हंजे तू वाचलंयस?" काकूंनी विचारलं.

"उन्हाळ्यात, माहेरी. आणि या वेळी पेटी उघडली तर ते वरच दिसलं. मी मुद्दाम तुमच्या हातात दिलं."

काकूंच्या चेहऱ्यावर आधी लाज आली आणि तिच्यामागोमाग राग आला. "माझी परीक्षा बगत हुतीस व्हय गं? चार बायांत खोटं बोलाय लावलंस मला! ह्या पोरीलाबी लावलंस! पुस्तक चिरलं मी हितं बसून!"

"तसं नाही, काकू." शालनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज सरळ होता. "माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं. मी आले की सगळ्या गप्प. मनात काय आहे ते मला कसं कळणार? मग वाटलं, पुस्तकाबद्दल बोलताना तरी बायका मनातलं बोलतील. तुम्ही खरा शेवट सांगणार हे मी धरूनच चालले होते. तो ऐकून कोण काय म्हणतंय, तेवढंच मला ऐकायचं होतं. 'बघा, शेवटी रक्ताकडंच गेला,' असं चौघी जणी बोलल्या असत्या, तर मी उद्या नाही म्हणून कळवणार होते. तुम्ही शेवटच बदलाल, हे माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. दुसऱ्या कुणी तो खरा शेवट वाचू नये, म्हणूनच मी पुस्तक मागत होते."

मी उठून चहाचं आधण ठेवलं, कारण काहीतरी करायला हवं होतं.

"एक विचारू?" शालन म्हणाली. "काल तुम्ही माझ्याकडे बघून बोललात. आता माझ्याकडे बघू नका. पुस्तकाचं खरं मत सांगा. तुम्हाला काय वाटलं?"

काकूंनी गुडघ्याखालची पानं काढली. त्यांना चुण्या पडल्या होत्या. ती मांडीवर ठेवून त्या हातानं चुण्या सारख्या करत राहिल्या.

"लिवनाऱ्यानं खोटं न्हाई लिवलं," त्या म्हणाल्या. "जात्यात. माझा गेला."

चव्हाणकाकांचा मुलगा साताऱ्याकडे असतो आणि तो कधी येत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. कॉलनीत त्याचं नाव कुणी काढत नसे.

"सुभाष माझ्या पोटचा न्हवं. त्येची आई बाळंतपनात गेली. मी लगीन करून आले, तवा रांगत हुता. मला पुन्हा काय झालं न्हाई, आन मला त्येचं कधी वाईटबी वाटलं न्हाई, एवढं त्या पोरानं घर भरलं हुतं. थोरला झाला, तसं आजोळच्या मानसांनी कान भरलं, ती तुझी सावत्र हाय म्हनून. गेला तिकडं. आईचं घर म्हनला. त्येला लई वर्सं झाली. मीबी भाकरी थापताना पाऊल वाजलं की वळून बगत न्हाई."

मी गॅस बारीक केला. रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी पातेल्यात बघत उभी राहिले.

"मग तरी तुम्ही..." शालन म्हणाली.

"ऐक की. मत इचारलंस न्हवं?" काकूंनी ती पानं उचलून दाखवली. "हे ताट वाढायचं ह्येनं चार पानं लिवलंय. आन पोराला गोवर आला तवा ती बाई उशाशी बसून हुती, ते दोन वळींत उरकलंय. पोरगं पयल्यांदा चाललं, ते तर लिवलंच न्हाई. माझा सुभाष पयल्यांदा चालला तो आमच्या चुलीपासनं उंबऱ्यापतोर. आन उंबऱ्यावर बसून असा हसला! शाळंतनं आला की दप्तर टाकायच्या आदी 'आई' म्हनून हाक मारायचा, मग मी घरात असू दे नाहीतर विहिरीवर. ते कुनी न्हेलंय व्हय माझ्याकडनं? ते कसं न्हेईल? गेला तो नंतर गेला. लिवनाऱ्याचं तेवढंच चुकलंय बघ. मधलं लिवायचं सोडून शेवट लिवत बसलाय."

त्या थांबल्या. मग एकदम शालनकडे वळल्या.

"आन मला उद्या कुनी म्हनलं, हौसा, असंच पोर घे, असंच वाढीव आन असंच जानार हाय बघ ते, तर घीन का न्हाई? पळत जाऊन घीन."

शालन रडायला लागली. आधी आवाज न करता आणि मग आतल्या झोपलेल्या माणसाची पर्वा न करता. काकूंनी तिचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं. ती चिरलेली पानं बाजूला पडली. चहा उतू गेला आणि मी तो जाऊ दिला.

बऱ्याच वेळानं शालननं तोंड वर केलं.

"काकू, उद्या सकाळी आम्ही जातोय. कळवायला. घरातलं मोठं कुणी बरोबर आहे का, असं संस्थेच्या बाई विचारतात. सासूबाई काही यायच्या नाहीत. तुम्ही याल? माझ्या मुलीला बघायला?"

तिनं 'माझी मुलगी' म्हटलेलं मी तेव्हा प्रथम ऐकलं. बहुतेक तिनंही. ती आमच्या तोंडाकडे बघायला लागली.

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मोरीपाशी जाऊन त्यांनी चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि पदरानं पुसत मागच्या दाराशी चपला शोधायला लागल्या.

"बघायला काय, आनायला म्हन," त्या म्हणाल्या. "आन आता रडत बसू नगंस. थंडी मायंदाळ पडलीया, पोरीला टोपडं लागंल. मी जाते, लोकर काढते. उद्यापतोर व्हाय पायजे."